सत्तावन्न नंबरचा तक्ता

शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ऑर्डवे कॉलेजच्या जुन्या क्रीडागृहात, ईशान्येच्या कोपऱ्यात, चेंडू उसळला. बास्केटबॉल उसळतोच, त्यात नोंद करण्यासारखं काय आहे, असं कोणीही विचारील. परंतु तो चेंडू मी सोडला होता, ज्या तक्त्यावर सोडला होता त्याचा नंबर सत्तावन्न होता, आणि त्या तक्त्यावर चेंडू उसळत नाही या खात्रीवर मी बेचाळीस वर्षं जगत आलो होतो. छातीच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेपर्यंत परत यावा, हे चांगल्या जमिनीचं लक्षण. तो आला. मी तक्त्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध, क्रमाने, पुन्हा सोडून पाहिला. शेजारच्या छप्पन्नावर सोडून आवाज ताडून पाहिला. सगळीकडून तोच भरीव, गोल आवाज निघाला आणि रिकाम्या बाकांवरून फिरून माझ्याकडे परतला. सत्तराव्या वर्षी माणसाच्या गुडघ्यात कळ येते. माझ्या कानात आली. आणि मग लक्षात आलं की ती कळ नव्हे, कुठून तरी खोलवरून हसू वर येऊ पाहत होतं, फक्त ते कशाचं हे मला अजून समजलेलं नव्हतं.

सोमवारी हे जुने तक्ते उचलले जाणार होते. नवं मैदान यायचं होतं, आणि त्यावर कोच ऑर्विल टेगर्ट यांचं नाव रंगवायचं की नाही, यासाठी कॉलेजने हंगामाचं तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला एक पिवळं कार्ड पाठवलं होतं. त्यावर दोन चौकोन, हो आणि नाही. कार्ड शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पेटीत पडायला हवं होतं. माझं अजून खिशात होतं, दोन्ही चौकोन कोरे. कोचना जाऊन दोन हिवाळे झाले होते, पण गावात त्यांच्यावरून भांडण्यात खंड पडला नव्हता. मी मात्र कधी बाजू घेतली नव्हती. गावाची समजूत अशी की एल्डन क्रूस मोजल्याशिवाय बोलत नाही. खरी गोष्ट अशी की मी मोजलेलं होतं, आणि म्हणूनच बोलत नव्हतो.

एक्याऐंशी सालचा मार्च. तंत्रनिकेतनातून लाकूडकामाची पदविका घेऊन मला पाच वर्षं झाली होती, आणि स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं हे पहिलं मोठं काम. खालचं काँक्रीट सपाट नव्हतं. मी पाणसळ आणि दोरी लावून प्रत्येक खळगा मोजला, त्या त्या जाडीची पट्टी रंधून तयार केली, तिच्यावर पेन्सिलीने तक्त्याचा नंबर घातला, आणि एकेक पट्टी ठेवून एकेक मेपलचा तक्ता बसवत गेलो. त्या शनिवारी रेडिओवर हायस्कुलांचा विभागीय अंतिम सामना लागला होता. खेळत होतं क्लोव्हर क्रीक, माझी शाळा. आमच्या भागात मार्चमधल्या शनिवारी कोणी लग्न ठेवत नाही, ठरलेली शस्त्रक्रियासुद्धा लोक पुढे ढकलतात. मी काम पुढे ढकललं नाही, एवढाच माझा अपराध. चार सेकंद उरलेली, आम्ही एका गुणाने मागे, आणि आमच्या मुलाच्या हातात दोन फ्री थ्रो. दोन्ही आत गेले. त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही. भानावर आलो तेव्हा तक्ता जागेवर होता, स्क्रू घट्ट बसलेले होते, आणि मी मैदानभर माझी टोपी शोधत होतो. सत्तावन्न लिहिलेली, तीन सुतं म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभर जाडीची पट्टी मला नोव्हेंबरात सापडली, कामाच्या एप्रनच्या आतल्या खिशात.

नोव्हेंबरात सापडली, कारण नोव्हेंबरात ती शोधावी लागली. हंगामाचा पहिला सामना होता. शेवटच्या मिनिटाला कोचनी व्हर्लिन मॅपसला आत धाडलं; वीस वर्षांचा, काटकुळा, पाठीवर चौदा नंबर. तो चेंडू आपटत ईशान्येच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे चेंडू त्याच्या हाताखाली परत आलाच नाही, मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा जमिनीला चिकटून राहिला. पाहुण्यांनी तो उचलला, सामना नेला. कोचनी हातातला क्लिपबोर्ड गुडघ्यावर मोडला. तो आवाज वरच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. आणि व्हर्लिन दोन हजार माणसांसमोर ओरडला, “चेंडू उसळला नाही!” दोन हजार माणसं हसली. त्या दिवसापासून आमच्या गावात कोणीही कसलीही सबब सांगितली की तिला एकच उत्तर मिळतं. केक बसला, गाडी चालू झाली नाही, प्रवचन लांबलं, की कोणीतरी म्हणतंच: चेंडू उसळला नाही वाटतं. आमच्या गावात वाढणारी मुलं हे वाक्य त्याचा धनी कोण हे न कळताच शिकतात, आणि तो धनी रोज सकाळी आठ वाजता रोएनाच्या उपाहारगृहात माझ्या समोरच्या खुर्चीवर बसून माझ्या ताटातला बटाटा उचलतो.

मी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चआधी क्रीडागृहात जाऊन चेंडू सोडला होता. भद्. ओल्या पोत्यावर पडल्यासारखा आवाज. सोमवारी पट्टी खिशात घालून, पहार घेऊन मी दुरुस्तीला गेलो, तर कोच सत्तावन्न नंबरच्या तक्त्यावरच उभे होते, हाताची घडी घालून, उजव्या अंगठ्याला भलं मोठं बँडेज. क्लिपबोर्ड मोडताना कापलं असेल, असं मी समजलो. त्यांनी माझ्या हातातल्या पहारीकडे पाहिलं आणि म्हणाले, “एल्डन, तक्त्यांना हात लावू नकोस. आहेत तसे राहू देत.” आणि डोळा मिचकावला. बस्स. त्या एका डोळ्यावर मी बेचाळीस वर्षांचा हिशेब उभा केला: या माणसाला मेलेला कोपरा सापडला आहे आणि तो त्याचा उपयोग करून घेणार आहे. त्यानंतर ऑर्डवे घरच्या मैदानावर सलग एकसष्ट सामने जिंकलं. पाहुण्या संघांना कोच त्याच कोपऱ्यात रेटायचे, दोघादोघांनी घेरायचे, आणि तिथे चेंडू सुटायचे. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी बसून राहायचो. प्रत्येक सुटलेल्या चेंडूत मला माझी पट्टी दिसायची. आणि पुन्हा मोजायला मी कधी गेलो नाही; तेवढा एक कोपरा टाळून मी तिथली देखभाल तीस वर्षं केली. प्रत्येक माप दोनदा घेणाऱ्या माणसाने आयुष्यातलं सर्वांत मोठं माप एकदाच घेतलं होतं, रविवारी.

आणि आज शुक्रवारी चेंडू उसळला होता.

रोएनाकडे पोहोचलो तेव्हा टेबलावर सामना सुरू झालेला होता. आमच्या टेबलाची रीत अशी की कोचबद्दलचा वाद नुसत्या तोंडाने करायचा नाही, मांडून दाखवायचा. मीठदाणी, मिरपूड, दुधाच्या इवल्या डब्या हे खेळाडू. केचपची बाटली म्हणजे कोच, रंगावरून. बर्निताबाई ओव्हरमन, वय ब्याऐंशी, यांनी गावातल्या तीन पिढ्यांना टंकलेखन शिकवलं असल्यामुळे सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, आणि त्या सगळ्या गावाला अरेतुरे करतात. त्यांनी केचपची बाटली टेबलाच्या मधोमध आपटली.

“पोरांचे मार्क भिंतीवर लावायचा तो. नापास झाला की बाकावर. एकोणीस वर्षांत एक पोरगा पदवीशिवाय गेला नाही. दाखव दुसरा असा.”

“बाई, पदवी पोरांनी घेतली. त्याने काय घेतलं? क्लिपबोर्ड. एकोणीस वर्षांत किती मोडले ते सांगा,” व्हर्लिन म्हणाला.

“एक्केचाळीस. माझ्या वहीत आहेत तारखांसकट.”

“बघा! आणि माफी किती वेळा मागितली? तीही असेल वहीत.”

“वही भरायला आधी घडावं लागतं काहीतरी,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुझं काय रे, तुझा एक चेंडू...”

“उसळला नाही!” कॉफीचं भांडं घेऊन आलेली रोएना मागून म्हणाली, आणि शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं, ज्यांना आम्ही कशाबद्दल बोलतोय याचा पत्ताही नव्हता, सवयीने हसली. व्हर्लिनही हसला. तो नेहमीच हसतो. त्याचं हसणं अर्ध्या क्षणाने उशिरा येतं. हा अर्धा क्षण मी बेचाळीस वर्षं पाहत आलो आहे आणि प्रत्येक वेळी माझ्या अंड्यावर मीठ घालत आलो आहे. डॉक्टरांनी मीठ बंद केलं तेव्हा पाहायला दुसरं काहीच उरलं नाही. बियाण्यांचा धंदा करून, तीन मुली उजवून, चर्चच्या गायकवृंदात सगळ्यात खालचा सूर लावणारा हा माणूस विशीतल्या एका संध्याकाळी जे ओरडला ते खरं होतं. हे पृथ्वीवर दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक दोन हिवाळ्यांपूर्वी वारला होता.

“एल्डनकाका, आज तुम्ही खाताय कमी आणि मोजताय जास्त,” रोएना म्हणाली. “तब्येत बरी आहे ना?”

“कार्ड भरलेलं नाहीये त्याने,” व्हर्लिन म्हणाला. “मिस्त्री अजून दोरी लावतोय. बाईंनी ‘हो’ लिहिलंय, मी ‘नाही’ लिहिणार आहे. तुझ्या मतावर मैदानाचं नाव अडलंय बघ.”

मला ‘हो’ लिहिता येत नव्हतं, कारण एकसष्ट सामने माझ्या विसराळूपणाचे होते. मला ‘नाही’ लिहिता येत नव्हतं, कारण त्यासाठी का ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं तर व्हर्लिनच्या तोंडाकडे पाहून सांगावं लागलं असतं. आजवर हे दोन्ही बाजूंनी घट्ट आवळलेल्या स्क्रूसारखं होतं. हलत नव्हतं म्हणून निदान दुखत नव्हतं. आता चेंडू उसळला होता आणि सगळं खिळखिळं झालं होतं. लाकूड फुगून खळगा भरतो का? तीन सुतं नाही भरत. काँक्रीट वर येतं का? आलं असतं तर छप्पन्नही उचललं गेलं असतं. मी कागदी रुमालावर आकडे मांडले, खोडले. उरत होता एकच मार्ग, तंत्रनिकेतनातल्या आमच्या वृद्ध मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला: शंका आली की उघडून बघा. परंतु उघडून बघायला पहारीच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतो, आणि तो कोण असायला हवा हे ठरवायला मला गार कॉफीचे तीन घोट लागले.

“व्हर्लिन, चल माझ्याबरोबर. एक तक्ता उचलायचाय.”

“सोमवारी पोरं येणारच आहेत की यंत्र घेऊन.”

“तुलाच उचलायचाय.”

माझ्या आवाजात काही असलं पाहिजे, कारण त्याने हातातला बटाटा परत माझ्या ताटात ठेवला. असं पूर्वी कधी घडलेलं नाही. बाई आधीच कोट चढवत होत्या. “मी बाकावर बसून बघणार,” त्या म्हणाल्या. “रोएना, कॉफी थर्मासात भर. आणि तो गोड शुगर क्रीम पायचा तुकडा कागदात बांध. मिस्त्री काहीतरी कबूल करणारसा दिसतोय.”

बाईंनी टंकलेखन शिकवताना मुलांच्या बोटांकडे नव्हे तर खांद्यांकडे पाहायची सवय ठेवली होती; चूक आधी खांद्यात येते म्हणायच्या. त्या दिवशी मैदानापर्यंतच्या दोनशे पावलांत माझ्या खांद्यांनी सगळं सांगून टाकलं असणार. ऊन स्वच्छ पडलं होतं. पाण्याच्या टाकीवर ऑर्डवेचं पुसट अक्षर दिसत होतं. व्हर्लिन पहार खांद्यावर टाकून शीळ घालत चालला होता, आणि त्याची ती सैल, लांब टांगांची चाल वीस वर्षांच्या चौदा नंबरचीच होती.

कडेचा तक्ता आधी काढावा लागला. मग सत्तावन्नचे स्क्रू. पहिल्या स्क्रूलाच माझ्या लक्षात आलं की त्याच्या डोक्याची खाच झिजलेली आहे, कोणीतरी चुकीच्या मापाचा पेचकस वापरून, जोर लावून, घसरत घसरत तो फिरवलेला आहे. माझ्या हातून खाच झिजत नाही. आम्ही पहार घातली, “हं” म्हणालो, आणि तक्ता पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा उभा राहिला.

खळग्यात, जिथे माझी पट्टी असायला हवी होती तिथे, तपकिरी फळीचे तीन तुकडे एकावर एक रचलेले होते. कडा वेड्यावाकड्या, मोडलेल्या. वरच्या तुकड्याला क्लिपबोर्डची गंजलेली क्लिप तशीच. एका तुकड्याची जाडी एक सूत. तिन्ही मिळून तीन सुतं. न मोजताही मला कळलं, तरी मी मोजलं. शेजारी काँक्रीटवर एक काळपट डाग होता, अंगठ्याएवढा. कोणीतरी रविवारी दुपारी, माझ्यानंतर आणि सोमवारच्या आधी, एकट्याने, त्या कामाचं काहीही शिक्षण नसताना, इथे गुडघे टेकले होते आणि तक्त्याखाली अंगठा चेंगरून घेतला होता.

व्हर्लिनने वरचा तुकडा उचलून उजेडात धरला. मेणाच्या पेन्सिलीच्या रेघा अजून शाबूत होत्या. एक वर्तुळ, आत चौदा, आणि तिथून एक बाण, सरळ कोपऱ्यात गेलेला.

“हा तर माझा...” तो म्हणाला. “मला कोपऱ्यात यानेच पाठवलं होतं. मी सांगत होतो ना! पण हे इथे कसं?”

“खाली पोकळ होतं,” मी म्हणालो. “चेंडू उसळणं शक्यच नव्हतं. तू खरं बोलत होतास.” आणि मी कामासाठी बांधलेल्या एप्रनच्या आतल्या खिशातून, जिथे ती इतकी वर्षं जपली होती, ती पट्टी काढून त्याच्या हातात दिली. पेन्सिलीचा सत्तावन्न फिकट झाला होता, पण वाचता येत होता. “ही माझ्याकडून राहिली. दुसऱ्या दिवशी मला कळलं होतं. दुरुस्त करायला आलो, कोचनी हात लावू दिला नाही, आणि मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे. तुला सांगायला हवं होतं. बेचाळीस वर्षं सांगायला हवं होतं. माझं चुकलं, व्हर्लिन.”

तो पट्टीकडे पाहत राहिला. एका हातात माझी नीट रंधलेली पट्टी, दुसऱ्यात कोचची मोडकी फळी. बाकावर बाईंनी त्या गोड तुकड्याचा घास तोंडाशी नेऊन तसाच धरला होता. मला माझ्या छातीतले ठोके मोजता येत होते आणि मी ते मोजत होतो.

“राहिली?” तो शेवटी म्हणाला. “तुझ्याकडून? तू तर चर्चमधली खुर्चीसुद्धा पाणसळ लावून ठेवतोस. राहिली कशी?”

“रेडिओ लागला होता. क्लोव्हर क्रीक. दोन फ्री थ्रो.”

“एक्याऐंशीचा विभागीय?” व्हर्लिनचा आवाज एकदम चढला. “चार सेकंदवाला? अरे, तो ऐकताना मी बाबांचा ट्रक नाल्यात घातला होता! नवा कोरा! पहिला आत गेला आणि मी दोन्ही हात सोडले!” आणि तो हसायला लागला. या वेळी हसणं उशिरा आलं नाही. ते कुठे थांबलंच नाही, तो तक्त्यावर बसला, मग आडवा झाला, डोळे पुसत राहिला. “बाई! ऐकलंत का? उसळला नव्हता! गाव म्हणतं वाटतं, वाटतं! वाटत नव्हतं, नव्हताच!”

“उसळला नव्हता, व्हर्लिन,” बाई उभ्या राहून, वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या. “मान्य. मी वहीत दुरुस्ती करीन. आणि रोएनाला सांगेन की आजपासून तुझ्यासमोर...”

“छे, छे, ते बंद नाही करायचं! आता तर कुठे मजा येणार.”

मग तो उठून बसला, आणि फळीवरच्या बाणावर बोट फिरवत, हळू आवाजात म्हणाला, “मंगळवारी त्याने मला बोलावलं होतं. खोलीत ये म्हणून निरोप होता. मी गेलो नाही. बुधवारी सदरा परत करून टाकला. मला वाटलं शिव्या देणार.”

“किंवा हे सांगणार असेल,” मी म्हणालो.

“किंवा दोन्ही,” बाई म्हणाल्या. “आधी शिव्या. टेगर्ट होता तो.”

मी पुन्हा एकदा तो सोमवार पाहत होतो: हाताची घडी, बँडेज, मिचकावलेला डोळा. एकसष्ट सामने त्यांचे होते, घेरून, धावून, घाम गाळून जिंकलेले. माझा त्यात एक सुताचाही वाटा नव्हता. इतकी वर्षं मी ज्याला फसवणूक समजलो ती एका तापट माणसाने सत्तावीस वर्षांच्या एका सुताराची राखलेली लाज होती. किंवा त्यांना फक्त सरावाला नीट जमीन हवी होती आणि माझी वाट पाहायचा धीर नव्हता. फळीवर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. फळीवर फक्त एक चौदा होता. आणि मला जाणवलं की हे न कळणं माझ्या अंगात रुतत नाहीये. उलट कुठला तरी स्क्रू सैल होऊन श्वास पोटापर्यंत जातो आहे.

पावणेबारा झाले होते. मी खिशातलं कार्ड काढून गुडघ्यावर ठेवलं आणि ‘हो’च्या चौकोनात फुली मारली, दोन रेघा, काटकोनात. व्हर्लिनने माझी पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या कार्डावर ‘नाही’वर फुली मारली.

“अरे!” मी म्हणालो. “अजूनही?”

“माणूस चांगला होता, पटलं. पण मंगळवारी न आलेल्या पोराला बुधवारी शोधायला यायला काय झालं होतं? तो आला नाही. आणि तू म्हणशील तो लाजला, बाई म्हणतील तो विसरला. उद्या सकाळी आठ वाजता मांडून दाखवा मला. केचपची बाटली मी आणतो.”

“मीठदाणी माझी,” बाई म्हणाल्या.

कार्डं पेटीत टाकायला बाई गेल्या. आम्ही दोघांनी खळगा पुसला. कोचच्या फळ्यांचे तुकडे व्हर्लिनने रुमालात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवले. आणि त्यांच्या जागी मी माझी पट्टी बसवली, नंबर वरच्या बाजूला. तक्ता खाली आला. मी स्क्रू आवळले, योग्य मापाच्या पेचकसाने, कर्णरेषेत, जसे आवळायला हवेत तसे. सोमवारी हे सगळं उखडलं जाणार होतं. म्हणजे ते काम तीन दिवसांसाठी बरोबर असणार होतं, आणि तीन दिवस मला पुष्कळ वाटले.

व्हर्लिनने चेंडू घेतला. बासष्ट वर्षांचा माणूस बियाण्यांच्या कंपनीची टोपी उलटी करून मैदानाच्या मध्यापासून निघाला, एक खांदा पाडून, नसलेल्या दोघांना चुकवत, ईशान्येच्या कोपऱ्यात आला, आणि सत्तावन्नवर त्याने चेंडू आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी तो त्याच्या तळहातात परत आला. मग त्याने उडी घेतली, निदान टाचा उचलल्या, आणि बास्केटकडे फेकला. चेंडू कड्याच्या बाजूने हातभर लांबून गेला आणि भिंतीवर आपटून बाकांखाली पळाला.

“आता काय सबब आहे?” दारातून परत येताना बाई ओरडल्या.

व्हर्लिन कमरेवर हात ठेवून, धापा टाकत, माझ्याकडे न पाहता, वर छताकडे बोट करून ओरडला, “कोपऱ्यातून टाकायला त्याने मला शिकवलंच नाही!”